यशाचा हिशेब

यशाचे मोजमाप आपण बहुधा वेतनाच्या आकड्यावरून करतो. आम्हां वकिलांना पुराव्यावाचून निकाल रुचत नाही. म्हणून एक चरित्रच पुराव्यादाखल पुढे ठेवतो.

गोव्यातील साखवाळ येथे १८७६ साली जन्मलेल्या धर्मानंद कोसंबींचे शालेय शिक्षण बेताचेच होते. बुद्धाचा धर्म जाणून घ्यावा, या एकाच ध्यासाने त्यांनी १८९९ साली घर सोडले. पुणे, काशी, नेपाळ, सिंहल, ब्रह्मदेश अशी भ्रमंती करीत, हालअपेष्टा सोशीत, ते पालीचे पंडित झाले. पुढे कलकत्त्यास याहून पुष्कळ अधिक वेतन मिळण्याजोगे असता, महाराष्ट्रात राहून कार्य करता यावे म्हणून त्यांनी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांचे दरमहा ५० रुपये पत्करले. हार्वर्डसाठी त्यांनी परिश्रमपूर्वक सिद्ध केलेला ‘विसुद्धिमग्ग’ १९५० साली प्रसिद्ध झाला. त्यांचा देहान्त १९४७ सालीच झाला होता.

एक निश्चित ध्येय, मोजक्या गरजा आणि फळाची वाट न पाहणारे श्रम, ही यशाची तीन सूत्रे येथे स्वच्छ दिसतात.

परंतु हिशेबाला दुसरीही बाजू असते. घर सोडताना पत्नी व तान्ही मुलगी मागे राहिली होती. ध्येयापायी स्वतःचे सुख वेचण्याचा अधिकार प्रत्येकास आहे; दुसऱ्याचे सुख वेचले, तर ते ऋण होय. त्या ऋणाने यश खोटे ठरत नाही. मात्र ते एकट्याचे राहत नाही.

देवापुढे श्रीफळ ठेवून आपण यश मागतो. त्याच वेळी, त्याचे मोल घरातील कोण मोजणार आहे, हेही मनाशी विचारावे.