दरी नव्हे, सरी

मावशी जाऊन अठरा वर्षं झाली. तिचा आवाज माझ्याकडे बावीस कॅसेटींमध्ये आहे. वाईजवळच्या तिच्या घरी ओसरीवर जातं मांडून ती दळायला बसायची आणि दळता दळता ओव्या म्हणायची. माझ्या मावसभावाने 1989 साली टेपरेकॉर्डर तिच्याशेजारी ठेवून हे सगळं भरून घेतलं. गावात गिरणी केव्हाच आली होती, मावशी केवळ त्याच्या हट्टाखातर पुन्हा जात्यावर बसली होती. पाचगणीच्या शाळेतून निवृत्त झाल्यावर मी त्या कॅसेटी संगणकावर उतरवायला आणि ओवी न् ओवी ऐकून लिहून काढायला घेतली.

हे काम मोठ्या प्रमाणावर आधीच झालेलं आहे, हे मला ठाऊक होतं. हेमा राईरकर आणि गी पॉइट्वँ यांनी सहकाऱ्यांना घेऊन गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. मी करते आहे ते त्यापुढे मूठभरच आहे. पण मावशीच्या ओव्या मावशीच्याच आहेत, आणि त्या चुकीच्या लिहिल्या गेल्या तर ती चूक दुरुस्त करणारं आता आमच्या घरात कोणी उरलेलं नाही.

तेव्हा माझ्या मेजावर दोन छोटे स्पीकर आणि मेजाखाली एक डबा असा संच होता. घेताना दुकानदाराने सिनेमातलं एक गाणं मोठ्याने लावून दाखवलं होतं. दुकान हाललं, मी खूश झाले आणि संच घेऊन आले. गाण्यांना तो बरा होता. मावशीची कॅसेट लावली की मात्र जात्याची घरघर खोलीभर पसरायची आणि तिचे शब्द त्या घरघरीखाली दबून जायचे. आवाज वाढवला की घरघर वाढायची. मी पुन्हा पुन्हा मागे जाऊन ऐकायचे, अंदाज बांधायचे आणि लिहायचे.

एका ओवीत भाऊ बहिणीकडे येतो. त्या ओळीतला एक शब्द मी 'दरी' असा लिहून घेतला. कृष्णेच्या खोऱ्यात वाढलेल्या बाईने माहेरच्या वाटेवरची दरी आठवावी, यात वावगं काहीच नव्हतं. मी राहते तिथून ते सगळं खोरं आणि धोमचं पाणी रोज दिसतं. मी त्या शब्दावर चार ओळींची टीपही लिहिली होती.

पुढे तो संच निकामी झाला. पाचगणीत महाबळेश्वरइतका पाऊस नाही, पण जून ते सप्टेंबर धुकं खिडकीतून आत येऊन बसतं. कपाटातल्या कपड्यांना वास येऊ नये म्हणून आत बल्ब लावून ठेवायचा, पुस्तकांच्या कडा पुसत राहायचं, हे इथल्या घरांना सवयीचं आहे. मेजाखालचा डबा एमडीएफचा होता, म्हणजे लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेल्या फळीचा. जमिनीलगतची त्याची कड पाणी पिऊन फुगली आणि वरचा कागद सुटून आला. वूफरचा, म्हणजे खालचे स्वर वाजवणाऱ्या स्पीकरचा, कोन ज्या मऊ फोमच्या कडेवर तोललेला असतो, तिला बोट लावलं तर ती ओल्या खारीसारखी बोटाला चिकटून आली. सहा पावसाळ्यांत तिचा चिखल झाला होता. असा फोम दमट हवेत विरतोच, रबराची कड त्याहून खूप जास्त टिकते. घाटमाथ्यावर किंवा कोकणात राहणाऱ्याने स्पीकरपुढची जाळी काढून कड रबराची आहे ना हे बोटाने पाहावं. खोक्यावर छापलेल्या बाकी सगळ्या आकड्यांच्या आधी मी आता तेच पाहते.

नवे स्पीकर घ्यायचे ठरल्यावर मी आधी घरी बसून विचार केला की मी नेमकं काय ऐकते आणि कुठे बसून ऐकते. खरेदी तिथून सुरू व्हायला हवी होती, पहिल्या वेळी मी ती दुकानातून सुरू केली होती. मी मेजाशी बसते. स्पीकर माझ्या कानापासून अडीच फुटांवर असतात. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने उतरतो. म्हणजे दहा फुटांवर बसून ऐकणाऱ्याला माझ्याइतकंच ऐकू येण्यासाठी सोळापट वॅट लागतील. जवळ बसणाऱ्याला दहा-पंधरा खरे वॅट पुरून उरतात. 'खरे' म्हणते, कारण आम्ही पहिला संगणक घेतला त्या काळी खोक्यांवर पीएमपीओ नावाने हजार हजार वॅट छापलेले असत. स्पीकर सलग किती ताकदीने वाजू शकतो हे आरएमएस वॅटच सांगतात. दुप्पट वॅट घेतले तरी वाढ तीनच डेसिबलची असते, आणि कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण दहा डेसिबल लागतात.

जवळ बसण्याची एक अडचणही आहे. काही वाजत नसताना स्पीकरमधून येणारी बारीक 'सूं' दिवाणखान्याच्या पलीकडे कोणाला ऐकू जात नाही, मेजावर ती तासन् तास कानात राहते. म्हणून दुकानात गाणं लावण्याआधी, काहीच न लावता, आवाजाचं बटण अर्ध्यावर नेऊन कान जवळ न्यावा.

पाचगणीत असं निवांत ऐकून घ्यायला दुकान नाही. मी पसरणीचा घाट उतरून पुण्याला गेले, बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत. पेन ड्राइव्हवर तीनच गोष्टी नेल्या होत्या: मावशीच्या तीन ओव्या, मिरजेच्या तंबोऱ्याचं पाच मिनिटांचं मुद्रण आणि आकाशवाणीचं एक मराठी बातमीपत्र.

"ताई, याचा बेस ऐकाच तुम्ही," दुकानातला मुलगा म्हणाला.

"बेस नंतर ऐकू बाळा, आधी ही बाई काय म्हणते ते मला ऐकू दे," मी म्हटलं आणि मावशी लावली.

त्या गोंगाटाच्या गल्लीत, काउंटरवर वाकून, चार जोड्या ऐकल्या. एक जोडी दोन इंची कोनाची होती, यूएसबीवरच चालणारी. आवाज नीटस, शब्द स्वच्छ. पण संगणकाच्या साध्या जुन्या यूएसबीतून पाच व्होल्टला अर्धा अँपिअर, म्हणजे अडीच वॅट मिळतात, आणि तंबोरा लावला की तेवढ्यात तिचा जीव दमत होता. पलीकडे पाच इंची वूफरची भारदस्त जोडी होती. ती माझ्या मेजावर मावली नसती, शिवाय तिचं हवेचं भोक मागच्या बाजूला होतं. माझं मेज भिंतीला लागून आहे. भिंतीजवळ, त्यातही कोपऱ्यात, खालचे स्वर आपोआप फुगतात, आणि भोक मागे असलं की अधिकच. मला घरघर कमी करायची होती. शेवटी साडेतीन इंची वूफर आणि वरच्या स्वरांसाठी वेगळा ट्वीटर असलेली जोडी घेतली. ॲम्प्लिफायर आतच आहे. भोक, आवाजाचं बटण आणि हेडफोनची खाच पुढे आहे.

या मापाच्या जोड्यांवर बहुधा 80 हर्ट्झपासून 20 हजार हर्ट्झपर्यंत असं लिहिलेलं असतं. आता काळी एक या पट्टीला लावलेल्या तंबोऱ्याचा खर्ज सुमारे 69 हर्ट्झचा. म्हणजे हिशेबाने तो या स्पीकरमधून धड यायलाच नको. पण तो ऐकू आला, आणि त्या गल्लीत माझ्या अंगावर काटा आला. याचं कारण तंबोऱ्यात आणि आपल्या कानात आहे. मिरजेचे कारागीर घोडी घासून आणि तारेखाली दोरा सरकवून जी जवारी काढतात, तिने एका तारेतून वरचे कितीतरी स्वर झिरमिळत निघतात. 138, 207, 277 असे ते वरचे स्वर कानाला मिळाले की ज्याचे ते पट आहेत तो खालचा स्वर मेंदू स्वतः उभा करतो. अब्दुल करीम खाँसाहेबांनी मिरजेला घर केलं त्या काळात गायक मुद्रणाच्या भोंग्यात तोंड घालून गात, आणि 1925 च्या आधीच्या त्या तबकड्यांवर खालचे स्वर जवळजवळ उतरतच नसत. तरी लोक त्या ऐकून रडले. छोट्या स्पीकरला खर्ज नसतो म्हणून नाक मुरडणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगते.

अर्थात सगळ्यांची गरज माझ्यासारखी नसते. शेजारचा कॉलेजात जाणारा मुलगा माझी जोडी ऐकून म्हणाला, "काकू, छान आहे, पण पोटात लागत नाही." तो क्वीनची गाणी ऐकतो. त्या बँडचा फ्रेडी मर्क्युरी लहानपणी इथल्याच सेंट पीटर्स शाळेत होता, त्यामुळे पाचगणीच्या मुलांना तो आपला वाटतो. बास गिटारची सर्वांत खालची तार 41 हर्ट्झची आहे. ती पोटात लागायला हवी असेल तर पाच इंची वूफर किंवा वेगळा सबवूफर घ्यावा लागेल, आणि त्याने तो जरूर घ्यावा.

घरी आणल्यावर पहिल्या दिवशी माझी निराशा झाली. दुकानातला स्वच्छपणा मेजावर नव्हता. दोन दिवसांनी कारण लक्षात आलं: दुकानात स्पीकर फळीवर, माझ्या कानाच्या उंचीला होते. मेजावर ते माझ्या छातीकडे पाहत होते. खालचे स्वर चहूकडे पसरतात, वरचे मात्र विजेरीच्या झोतासारखे समोर जातात. 'स', 'श', 'च' यांची धार त्या वरच्या स्वरांतच असते, साधारण चार हजार हर्ट्झपासून पुढे. झोत छातीवर पडत होता आणि कान अंधारात होते. शिवाय मेजाच्या गुळगुळीत पृष्ठभागावरून परतलेला आवाज मूळ आवाजात मिसळून त्याला बोजड करत होता. क्रिएटिव्हच्या पेबल स्पीकरचे कोन 45 अंशांनी वर का वळवलेले असतात, ते मला तेव्हा कळलं.

मी गवंड्याकडून जांभ्याचा एक चिरा अर्धा करून घेतला. पाचगणीचं टेबललँड पठार ज्याचं बनलं आहे तोच हा दगड. दोन अर्ध्या चिऱ्यांवर स्पीकर ठेवले, खाली जुन्या रबरी चपलेचे तुकडे घातले आणि पुढची बाजू बोटभर उचलली. जड दगडामुळे मेजाचं थरथरणं थांबलं. दोन स्पीकर आणि माझं डोकं यांचा समभुज त्रिकोण झाला. सगळ्या खटाटोपाला गवंड्याच्या चहाएवढा खर्च आला आणि आवाजात जो फरक पडला तो दुप्पट किमतीच्या जोडीनेही पडला नसता.

एक गुणगुण उरली होती. कॅसेट डेक, संगणक आणि स्पीकर तिन्ही जोडले की सतत एक 'हुंऽऽ' यायची. डेक खिडकीजवळच्या सॉकेटवर होता, बाकी दोन्ही मेजामागच्या. अर्थिंगच्या दोन वाटा झाल्या की त्यांच्यामध्ये घरातल्या विजेचा 50 हर्ट्झचा सूर शिरतो. तिन्ही पिना एकाच बोर्डावर आणल्या आणि गुणगुण गेली. अशा वेळी काही जण प्लगची अर्थिंगची तिसरी पिन काढून टाकायला सांगतात. ते कधीही करू नका. त्या पिनेवर माणसाचा जीव अवलंबून असतो, आणि ओल्या भिंतींच्या आमच्या घरांत तर फारच. घाटमाथ्यावर वीज कडाडू लागली की मी बोर्डाची पिनच काढून ठेवते.

ब्लूटूथही आहे या जोडीत, पण लिहिताना मी तारच वापरते. ब्लूटूथने आवाज क्षणभर मागे राहतो. कॅसेट थांबवली की शब्द पुढे निघून गेलेला असतो आणि लेखणी अडखळते. जुलैत पत्र्यावर पाऊस कोसळू लागला की मात्र कोणताच स्पीकर कामाचा नाही. आवाज वाढवून पावसाशी भांडण्यात अर्थ नसतो. तेव्हा पुढच्या खाचेत हेडफोन लावायचा किंवा पाऊस उघडेपर्यंत थांबायचं. पावसाळ्यात स्पीकर रोज तासभर नुसते चालू ठेवते, आतली ऊब ओल धरू देत नाही.

सगळं जागच्या जागी बसल्यावर मी पहिल्या कॅसेटपासून पुन्हा ऐकायला घेतलं. भावाची ती ओवी आली. जातं मागे गेलं होतं, मावशी पुढे आली होती, तिच्या बांगड्या खुंट्यावर आदळत होत्या, आणि त्या शब्दाच्या सुरुवातीला बारीक, स्वच्छ शीळ होती. मी टेप मागे नेला. परत ऐकलं. 'दरी' नव्हतीच. 'सरी' होती. भावाने बहिणीसाठी आणलेली गळ्यातली सरी. 'स'ची शीळ गळाली होती म्हणून मी तिथे 'द' ऐकला होता, आणि माझ्या खिडकीतली दरी मी मावशीच्या तोंडी घातली होती. मावशीच्या गळ्यात चांदीची सरी असायची. लहानपणी तिच्या मांडीवर झोपले की ती माझ्या कपाळाला गार लागायची.

त्या पानावरचा शब्द बदलला आणि चार ओळींची टीप काढून टाकली. मग जुन्या संचावर ऐकून लिहिलेली सगळी पानं पुन्हा तपासायला घेतली. पहिल्या पाच कॅसेटींत असे एकतीस शब्द सापडले. आतापर्यंत चौदा कॅसेटी नीट ऐकून, लिहून झाल्या आहेत. उरलेल्या आठ मी पाऊस लागायच्या आत पुऱ्या करणार आहे. तुमच्याही घरी अशी एखादी कॅसेट असेल, तर स्पीकर घ्यायला जाताना तीच बरोबर न्या.