भिंतीवरच्या कथेला अंक घालताना

छत्रपती संभाजीनगर

प्रिय नातीस,


प्रबंधाचे प्रकरण वाचले. सिंहल अवदान या बौद्ध कथेवर फार मन लावून लिहिले आहेस. आकृतीपाशी मात्र अडलो. फोटो लहान केलास आणि बाण तिथेच राहिले. राक्षसीकडे दाखवणारा अंक आता कोऱ्या पट्टीवर जाऊन बसला आहे. बाणांच्या जागा तू सेंटिमीटरमध्ये दिल्या आहेस, म्हणून हे झाले. त्या जागा चित्राच्याच मापात दे. मग चित्र केवढेही छाप, अंक चित्राबरोबर सरकेल.

ही कथा रंगवलेल्या अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यातल्या त्या भिंतीला अंक हवेतच. विद्या देहेजिया यांनी दाखवून दिले आहे की अजिंठ्याचे चित्रकार पुष्कळदा कथा काळाच्या क्रमाने मांडत नाहीत, स्थळाप्रमाणे मांडतात. एका जागी घडलेले प्रसंग, मग ते कथेत कितीही दूर असोत, भिंतीवर शेजारी येतात. डावीकडून उजवीकडे वाचत गेलेला माणूस हमखास भरकटतो. डीटर श्लिंगलॉफ यांनी या भिंतींवरच्या कथा ओळखण्यात आयुष्य घातले, आणि त्यांच्या ग्रंथात रेखाचित्रांना मजकुराइतकेच महत्त्व आहे ते यामुळेच.

आता रीत सांगतो. लाटेकमध्ये आकृत्या काढणारे टिक्झ तू वापरतेसच. फोटो एका नोडमध्ये ठेव आणि त्याचा डावा खालचा कोपरा आरंभबिंदूवर आण. अँकर साउथ वेस्ट. इनर सेप शून्य कर. ते विसरलीस तर नोड फोटोभोवती थोडी मोकळी जागा सोडतो आणि सगळे निर्देशक तेवढ्याने चुकतात. मग स्कोप उघड. त्यात एक्सचे एकक म्हणजे चित्राचा उजवा खालचा कोपरा, वायचे एकक म्हणजे डावा वरचा कोपरा. झाले. चित्राची रुंदी १, उंचीही १, आणि मध्य (०.५, ०.५). सुरुवातीला ०.१ अंतराची फिकट जाळी आखून घे, जागा वाचून टिपून ठेव, मग जाळी काढून टाक.

फोटो उघडून पिक्सेल मोजणार असशील तर एक ध्यानात ठेव: तिथे उंची वरून मोजतात, टिक्झमध्ये खालून. फोटो ४००० बाय ३००० पिक्सेलचा आहे, चेहरा डावीकडून १००० आणि वरून ६०० वर आहे, असे धर. एक्स ०.२५ येईल; वाय ०.२ नव्हे, ०.८.

वर्तुळाचे प्रकरण जास्त नाजूक आहे. हाच फोटो १२ बाय ९ सेंटिमीटर छापलास आणि त्रिज्या ०.१ दिलीस, तर आडवी १.२ आणि उभी ०.९ सेंटिमीटर होईल. वर्तुळाचे लंबवर्तुळ होईल. त्रिज्या मिलिमीटरमध्ये दिलीस तर गोल गोलच राहतो, पण चित्र अर्धे केले की तो शेजारच्या दोन-तीन आकृत्या गिळतो. अंकाभोवतीच्या बारीक गोलाला मिलिमीटर चालतील. एखाद्या डोक्याभोवती वेढा घालायचा असेल तर लंबवर्तुळच माग: आडवी त्रिज्या ०.०६, उभी ०.०८. ४:३ च्या फोटोत ते नेमके गोल दिसते आणि चित्राबरोबर लहानमोठेही होते.

फोटो आधी काप, खुणा नंतर घाल. हे निर्देशक आकार बदलला तरी टिकतात, कड कापली की टिकत नाहीत. कोन बदलून काढलेल्या दुसऱ्या फोटोलाही ते लागू पडणार नाहीत, कारण ते त्या फोटोचे आहेत, भिंतीचे नाहीत. लाल रेघ मात्र नको. गेरूच्या तांबूस रंगात ती बुडून जाते. खाली जाड पांढरी आणि तिच्यावर बारीक काळी रेघ ओढ.

हे सगळे एखाद्या रंगकामाच्या ॲपमध्ये फोटोवरच रंगवून का करू नये, असे तू विचारलेस. अक्षरे फोटोच्या पिक्सेलमध्ये मुरली की मोठे करताना फाटतात, आणि चूक सुधारायला मूळ फोटो शोधत बसावे लागते. टिक्झमध्ये फोटो अस्पर्श राहतो आणि अंक प्रबंधाच्याच देवनागरी टंकात उमटतात. शिवाय ही लेणीच पाहा ना. १८१९ च्या एप्रिलमध्ये जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने दहाव्या लेण्यात खांबावरच्या चित्रावर आपले नाव आणि तारीख खरवडली; ती आजही तिथे आहे. पुढे १८७२ पासून जॉन ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या जे. जे. स्कूलच्या विद्यार्थ्यांकडून प्रती करवल्या. ते काम मोठे होते, पण रंग उठून दिसावेत म्हणून भिंतींना व्हार्निश लागले आणि तेच पुढे चित्रांवर काळवंडून बसले. अभ्यासकाची खूण मूळ वस्तूपासून वेगळी करता आली पाहिजे, हे मला अजिंठ्यानेच पटवले. तुझ्या फाइलमध्ये ती एका ओळीत पुसता येते.

आकृतीखाली लेण्याचा क्रमांक, भिंत आणि फोटोची तारीख लिही. नवी आकृती छापून घेऊन ये. भिंतीसमोर उभे राहून एकेक अंक पडताळू. सोमवारी अजिंठा बंद असतो, म्हणून मंगळवार धर.

तुझे आजोबा