सोयर कोणाचे?

‘सोयरसुतक’ हा जोडशब्द आजच्या मराठीत बहुधा नकारातच येतो. एखाद्याला कशाचेच सोयरसुतक नाही असे म्हटले की तो बेफिकीर आहे, दुसऱ्याच्या सुखदुःखाशी त्याचे काही देणेघेणे नाही, असा अर्थ घेतला जातो. या जोडशब्दातील दोन्ही पदे मात्र मुळात अशौचाची, म्हणजे जन्म किंवा मृत्यू यांमुळे कुळाला काही दिवस लागणाऱ्या धार्मिक अशुद्धीची, नावे आहेत. जन्माचे ते सोयर आणि मृत्यूचे ते सुतक असा भेद मराठीने केला. वस्तुतः ‘सूतक’ हा संस्कृत शब्द ‘सू’ म्हणजे प्रसवणे या धातूवरून आलेला असल्यामुळे तोही आधी जन्माचाच होता. विटाळाच्या शब्दाला भाषेने नात्याचा आणि आस्थेचा अर्थ दिला, ही साधी गोष्ट नव्हे. बाळंतपण घरातल्या अंधाऱ्या खोलीतून सरकारी रुग्णालयात आले आणि कुळाशी रक्ताचे कसलेच नाते नसलेले हात बाळाला झेलू लागले, तेव्हा जन्माचे सोयर नेमके कोणाला लागते, हा प्रश्न त्या शब्दातूनच उभा राहतो.

धर्मशास्त्राने जननाशौचाचा केलेला विचार एकसंध नाही. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात हे अशौच सपिंडांना, म्हणजे एका मूळपुरुषापासून सात पिढ्यांच्या आतील भाऊबंदांना, मृताशौचाप्रमाणेच लागते असे सांगितल्यावर लगोलग ते खरे तर मातापित्यांचे, त्यातही मातेचेच असून पिता स्नानाने शुद्ध होतो, असेही मत येते. काशीनाथ उपाध्याय यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस पंढरपुरात रचलेला ‘धर्मसिंधू’ महाराष्ट्रातील पुरोहितवर्गाचा नित्याचा आधारग्रंथ ठरला. तो ज्या निबंधग्रंथांच्या, म्हणजे विषयवार वचने एकत्र करून निर्णय देणाऱ्या ग्रंथांच्या, परंपरेतला आहे, त्या परंपरेत मुलगा झाल्यास वीस दिवस आणि मुलगी झाल्यास महिनाभर आईला धर्मकर्माचा अधिकार नाही असे मानले गेले. ज्या देहाने सर्वांत अधिक सोसले त्याच देहावर सर्वांत लांब बंधन घालावे आणि मुलगी झाली म्हणून ते आणखी लांबवावे, या व्यवस्थेचे समर्थन कोणत्याही तत्त्वविचाराने करता येणार नाही. या बंधनामुळे बाळंतिणीला चूल, पाणी आणि शेतकाम यांतून काही दिवस सुटका मिळे हे खरे आहे. परंतु तो विसावा तिला विटाळाच्या नावाखालीच मिळाला, तिचा हक्क म्हणून कधीच नाही.

याच परंपरेत एक बारकावा असा आहे की ज्याकडे पुरेसे लक्ष दिले गेलेले नाही. नाळ कापली जात नाही तोवर अशौच लागतच नाही, असे शास्त्रवचन असून जातकर्म हा जन्माचा संस्कारही नाळ कापण्यापूर्वीच करावा असे मनूने म्हटले आहे. रक्त तर नाळ कापण्याच्या आधीही असते, किंबहुना तेव्हाच अधिक असते. तेव्हा अशौचाचा आरंभ रक्तापासून धरलेला नसून एका देहाचे दोन देह होण्याच्या क्षणापासून, म्हणजे एक नवे माणूस कुळात येऊन सर्वांशी नात्याने बांधले जाण्यापासून, धरलेला आहे. मुळातले सोयर हे अशा रीतीने घाणीपेक्षा नात्याची खूण अधिक होते. आजचे प्रसूतिशास्त्रही नाळेला चिमटा लावण्याची घाई करू नये, किमान एक मिनिट थांबावे असे सांगते, कारण तेवढ्या अवधीत वारेतले रक्त बाळाकडे जाते आणि पुढील काही महिने त्याला लोहाची उणीव भासत नाही. दोन्हींची कारणे निरनिराळी आहेत आणि ती एकत्र करण्याचा मोह टाळलाच पाहिजे. तरीही त्या क्षणापाशी थांबावे असे दोन्हींना वाटले, हे नोंदवण्याजोगे आहे.

पण नाळ कापणारी कोण? कुळातील माणसांचे सोयर दहाव्या दिवशी स्नानाने फिटे. ज्या सुईणीने बाळ झेलले, नाळ कापली, वार पुरली आणि माखलेली वस्त्रे धुतली, ती अनेक ठिकाणी हीन मानलेल्या जातीची असे आणि तिचा विटाळ कोणत्याच स्नानाने फिटत नसे, कारण तो तिच्या जन्मालाच चिकटवलेला होता. नाते कुळाकडे राहिले आणि विटाळ तेवढा सुईणीकडे गेला. धर्मविचारातील खरा दोष येथे आहे.

तो मराठी संतांनी फार पूर्वी ओळखला होता. तेराव्या शतकात चक्रधरांनी स्त्रीच्या रक्तस्रावाला नाकातोंडातून येणाऱ्या इतर मळांच्या पंक्तीत बसवून त्याची धार्मिक भीती काढून टाकली. चौदाव्या शतकात सोयराबाईने आपल्या अभंगात विटाळावाचून जन्मलेला देह कोणता, असा प्रश्न विचारला. याच सोयराबाईच्या बाळंतपणाची कथा वारकरी परंपरेत सांगितली जाते: तिचा पती चोखामेळा आपली बहीण निर्मळा हिला आणायला गेला असता सोयराबाई अडली आणि प्रत्यक्ष विठ्ठलाने नणंदेचे रूप घेऊन तिचे बाळंतपण केले. ज्या देवाच्या मंदिरात या दांपत्याला पाऊल टाकता येत नव्हते, तोच देव त्यांच्या खोपटात सुईणीचे काम करतो, आणि तेही देव म्हणून नव्हे, नात्यातली बाई म्हणून. विटाळ आणि नाते यांची झालेली फाळणी या कथेने पुन्हा जोडली. शास्त्रग्रंथांना हे साधले नव्हते.

रुग्णालयाने घडवलेले परिवर्तन याहून वेगळ्या दिशेने आले. १८४७ मध्ये व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयात इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरने शवविच्छेदन करून प्रसूतिकक्षात येणाऱ्यांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि बाळंतरोगाने, म्हणजे प्रसूतीनंतरच्या जंतुसंसर्गी तापाने, होणारे मृत्यू झपाट्याने घटले. अशौचाचा नियम इतरांना बाळंतिणीपासून जपत होता, तर निर्जंतुकतेचा नियम बाळंतिणीला इतरांपासून जपतो. येथे शुद्ध राखायची ती तीच आणि सोवळे पाळायचे ते तिला हात लावणाऱ्याने. भारतात दाईंना दिलेल्या प्रशिक्षणातील पाच स्वच्छता, म्हणजे स्वच्छ हात, स्वच्छ जागा, स्वच्छ पाते, स्वच्छ दोरा आणि स्वच्छ नाळ, यांचे मर्म हेच होते. पाचवीच्या आणि सटवाईच्या रात्रीचे भय ज्या दिवसांत येते, साधारण त्याच दिवसांत अस्वच्छ पात्याने कापलेल्या नाळेतून शिरलेला धनुर्वात बाळाला गाठत असे. आईच्या आणि नवजात बाळाच्या धनुर्वाताचे भारतातून निर्मूलन झाल्याचे २०१५ मध्ये जाहीर झाले.

जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाने २०११ पासून सरकारी रुग्णालयातील प्रसूती, शस्त्रक्रिया, औषधे, आहार आणि ने-आण मोफत केली. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील सुमारे ९५ टक्के प्रसूती रुग्णालयांत झाल्या. अनोळखी बाईच्या बाळंतपणाचा भार सर्वांनी मिळून उचलावा हे या मोफत सेवेमागचे तत्त्व केवळ अर्थकारणाचे नाही. सपिंडांची सात पिढ्यांची मर्यादा त्याने ओलांडली आहे, आणि सोयर या शब्दाचा सर्वांत व्यापक अर्थ सार्वजनिक रुग्णालयात प्रत्यक्षात येऊ शकतो तो याच कारणाने. येऊ शकतो असे म्हणण्याचे कारण असे की जेथे कळा देणाऱ्या बाईवर खेकसले जाते आणि तिच्या माणसाला दाराबाहेर थोपवले जाते, तेथे निर्जंतुकता असूनही सोयर नसते. गडचिरोली जिल्ह्यात राणी बंग आणि अभय बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने उभारलेल्या रुग्णालयाला आदिवासींच्या इच्छेनुसार दंतेश्वरी देवीचे नाव दिले गेले आणि नातलगांना रुग्णाजवळ राहता येईल अशी झोपड्यांसारखी रचना केली गेली. घरातून निघालेल्या बाईबरोबर तिचे घर आणि तिचा देवही आत येऊ देण्याचा हा विचार होता, आणि त्याचे मोल यंत्रसामग्रीहून कमी नाही.

तरीही जुनी फाळणी पुरती मिटलेली नाही. बाळ रडले की परिचारिका त्याला पुसून आईच्या छातीवर ठेवते, बाहेर पेढ्यांचा पुडा उघडतो, आणि त्याच वेळी आत एक बाई बादली घेऊन वाकते, फरशीवरचे रक्त पुसते, माखलेल्या चादरी गोळा करते आणि पूर्वी घराजवळ पुरली जाणारी वार पिवळ्या पिशवीत घालून पिशवीचे तोंड बांधते. तिला परिचारिका, डॉक्टर आणि बाळंतिणीची आई सगळेच ‘मावशी’ म्हणतात. आईच्या बहिणीचे हे नाव तिला कोणी विचार करून दिलेले नसेल. पण बाळाच्या कुळाचे जे सोयर दहा दिवसांत फिटते, त्यात तिचाही वाटा आहे हे त्या हाकेत कबूल झालेले असते. पेढ्यांचा पुडा तिच्यापर्यंत पोचतो की दारातच संपतो, हे मात्र प्रत्येक प्रसूतिकक्षात नव्याने ठरते.