खरे किती वेळा सांगावे?

माझ्या लहानपणी भाईंदरला आमच्या चाळीत एकच दूरदर्शन संच होता, तोही शेजारच्या काकांकडे. संध्याकाळी मराठी बातम्या लागल्या की प्रदीप भिडे यांचा आवाज ओट्यापर्यंत येई. मंत्र्याचे भाषण असो की पूर, त्या आवाजात फारसा चढउतार नसे. बातम्या संपल्या की काकू संच बंद करीत आणि मग मोठी माणसे ओट्यावर बसून वाद घालीत. सांगण्याचे काम त्यांचे, मत बनवण्याचे आमचे, अशी ती सरळ वाटणी होती.

तो काळ सोन्याचा होता, असे मात्र मी म्हणणार नाही. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि तीन वर्षांच्या आत आणीबाणी आली. तेव्हा त्याच संथ आवाजात सरकारला हवे तेवढेच सांगितले गेले. म्हणूनच २००७ च्या सुमारास मराठीत चोवीस तास बातम्या देणाऱ्या वाहिन्या आल्या, तेव्हा मला आनंद झाला. प्रश्न विचारणारे कुणीतरी आले, असे वाटले.

खोटे बोलू नये, हे मी वर्गात रोज शिकवतो. पण खरे कधी, कसे आणि किती वेळा सांगावे, हे कुठल्याच धड्यात नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात कमांडोंच्या हालचाली वाहिन्यांनी थेट दाखवल्या. चित्रे खरीच होती. पण हल्ल्याचे सूत्रधारही तीच पाहत होते. २०१२ साली कसाबच्या खटल्याचा निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने या प्रक्षेपणावर कडक ताशेरे ओढले. खरेपणा ही पहिली कसोटी झाली, शेवटची नव्हे.

हे सारे मला दुरून पटलेले होते. जुलै २०२५ मध्ये ते दाराशी आले. मराठीच्या मुद्द्यावरून मीरा रोडला एका दुकानदाराला थपडा मारल्या गेल्या आणि त्याची चित्रफीत देशभर फिरली. ३ जुलैला व्यापाऱ्यांनी दुकाने बंद ठेवली, ८ जुलैला मराठीसाठी मोर्चा निघाला. सगळे खरे. पण माझ्या घरातल्या पडद्यावर तो हात किती वेळा उगारला गेला, याची मोजदाद मी विसाव्या वेळी सोडून दिली. चौकटी-चौकटींत बसलेली माणसे एकाच वेळी ओरडत होती. खाली गल्लीत मात्र भाजीवाली आणि गिऱ्हाईक नेहमीसारखी कोथिंबिरीवरून घासाघीस करीत होती.

आमच्या समोरच्या घरात राजस्थानी कुटुंब राहते. स्टेशनजवळ त्यांचे कापडाचे दुकान आहे. शेजार चौदा वर्षांचा. माझी आई आजारी पडली तेव्हा रात्री दोन वाजता धावत जाऊन रिक्षा आणली ती शेठजींनीच. जिन्यात भेटले की ते विचारतात, “काय गुरुजी, जेवण झाला?” त्या आठवड्यात एका रात्री ते भेटले आणि गप्प राहिले. मीही गप्प राहिलो. त्यांच्याकडे हिंदी वाहिनी लागलेली, माझ्याकडे मराठी, चित्र एकच. खोटे कुणीच सांगितले नव्हते, तरी दोघांच्या मनात खोटे शिरले होते.

वाहिन्यांना दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. पण विसाव्या वेळेपर्यंत पाहत कोण बसले होते? रिमोट माझ्याच हातात होता. पहिल्यांदा पाहिले ते माहितीसाठी. पुढच्या एकोणीस वेळा पाहिले, कारण रागाची गोडी लागली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला, शाळेत निघताना, मी त्यांची बेल वाजवली आणि काही सुचेना म्हणून विचारले, “काय शेठ, जेवण झाले का?” ते आधी गोंधळले, मग हसले आणि चहाला आत घेऊन गेले.

त्यानंतर मी एक नियम केला आहे. बातमी एकदा पाहायची. तेच चित्र पुन्हा आले की संच बंद करायचा. बहुतेक दिवशी जमते. एखाद्या दिवशी बोट बटणावर थबकते. ते का थबकते, हे आता मला ठाऊक आहे.