रामकुंडावर कोणता कॅमेरा

नाशिकच्या सिंहस्थातलं पहिलं अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ रोजी आहे. निर्मोही, निर्वाणी आणि दिगंबर या वैष्णव साधूंच्या तीन अनी, म्हणजे आखाडे, गोदावरीवरच्या रामकुंडाकडे निघतील तेव्हा आषाढाची अमावस्या असेल, आभाळ बहुधा भरलेलं असेल आणि पहाटे घाटावर जो काही उजेड असेल तो एलईडी दिव्यांचा. प्रयागचा कुंभ थंडीत भरतो, नाशिकचा भर पावसाळ्यात. बारा वर्षांनी येणाऱ्या या पर्वणीसाठी नवा कॅमेरा घ्यायच्या विचारात असलेल्या छायाचित्रकारासमोर आज दोन अगदी वेगळ्या तोंडवळ्यांच्या वस्तू येतात, महागडा फ्लॅगशिप आणि जुन्या फिल्म कॅमेऱ्यासारखा दिसणारा डायलवाला कॅमेरा, आणि डोकेदुखी तिथूनच सुरू होते.

निकॉनचं उदाहरण त्यातल्या त्यात स्पष्ट आहे. झेड ९ हा कंपनीचा फ्लॅगशिप मिररलेस ऑक्टोबर २०२१ मध्ये जाहीर झाला. ४५.७ मेगापिक्सेलचा सेन्सर, बॅटरी आणि कार्डासह वजन १,३४० ग्रॅम, आणि भारतात आला तेव्हा किंमत पावणेपाच लाखांच्या आसपास, तीही लेन्स सोडून. झेडएफ आला सप्टेंबर २०२३ मध्ये: २४.५ मेगापिक्सेल, ७१० ग्रॅम, तेव्हा पावणेदोन लाखांच्या घरात. त्याचं रूप १९८२ सालच्या एफएम २ या फिल्म कॅमेऱ्यावरून घेतलेलं. माथ्यावर पितळेचे डायल, त्यांवर कोरलेले शटरचे आणि आयएसओचे आकडे. हातात घेतल्यावर काहीही न टिपता नुसता फिरवत बसावा असा.

गंमत अशी, की आत डोकावलं तर दोघं एकाच घरातले निघतात. एक्सपीड ७ हा प्रोसेसर दोन्हींत आहे. माणूस, पक्षी, गाडी ओळखून त्यावर फोकस धरून ठेवण्याची विद्या धाकट्याने थोरल्याकडूनच घेतली. काही बाबतींत तर तो थोरल्याच्या पुढे गेला. कंपनीच्याच आकड्यांनुसार झेडएफ उणे १० ईव्ही इतक्या अंधारात फोकस पकडतो. झेड ९ ची नेहमीची मर्यादा उणे ६.५ आहे. हात हलल्याने येणारी अस्पष्टता आवरण्यातही धाकट्याचे आठ स्टॉप, थोरल्याचे सहा. असं आधीही झालं आहे आणि नंतरही. २०१३ मध्ये निकॉननेच काढलेल्या डीएफमध्ये तेव्हाच्या फ्लॅगशिप डी ४ चा सेन्सर होता, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये आलेल्या, दुसऱ्या कंपनीच्या ओएम-३ च्या जुन्या वळणाच्या देहात ओएम-१ मार्क टू चा सेन्सर बसवलेला आहे.

तेव्हा चित्राच्या दर्जावर बोट ठेवून निवड करायची सोय उरत नाही. मग वरचे तीन लाख कशाचे?

ते हुकण्याच्या भीतीचे. लग्नात अंतरपाट बाजूला होतो तो एकच क्षण असतो, तिथे ‘पुन्हा एकदा’ म्हणता येत नाही. (हल्ली म्हणतात, ते सोडा.) झेड ९ मध्ये दोन सारखी, वेगवान सीएफएक्सप्रेस कार्डं बसतात आणि प्रत्येक फोटो दोन्हींवर एकाच वेळी लिहिता येतो. झेडएफमध्ये दुसरी जागा नखाएवढ्या मायक्रोएसडीची आहे, आणि दोन्ही कार्डं बॅटरीच्या झाकणाआड. बॅटरीही जवळपास निम्मीच पुरते. रामकुंडावर तर आणखी एक गोम आहे. झेड ९ चा सेन्सर इतक्या झपाट्याने वाचला जातो, की निकॉनने त्यातलं यांत्रिक शटर काढूनच टाकलं. झेडएफचं आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर त्या मानाने संथ. धावत्या मिरवणुकीतला ध्वजदंड त्यात तिरका दिसू शकतो, एलईडीच्या उजेडात चित्रावर आडवे पट्टे येऊ शकतात. म्हणून यांत्रिक शटरकडे वळायचं, मग वेग कमी होतो. घरच्या बारशाला यातलं काहीही आडवं येणार नाही. वृत्तपत्राने पाठवलेल्या माणसाला मात्र येईल, कारण तो रिकाम्या हाताने परतला तर दुसऱ्या दिवशीच्या पानावर जागा मोकळी राहते.

खरी दुभागणी इथेच आहे, असं वाटतं. ज्याची चूक दुसऱ्याला भोवते, त्याने फ्लॅगशिप घ्यावा. ज्याची चूक त्याची त्यालाच भोवते, त्याला तितका खर्च करण्याचं कारण नाही. व्यावसायिक आणि हौशी ही नेहमीची वाटणी हिच्यापुढे ढोबळ ठरते.

नांदूर मध्यमेश्वरला गेलं की मात्र हा हिशेब जरा डळमळतो. निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात तिथलं हे पाणथळ जानेवारी २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ ठरलं. थंडीत चापडगावच्या बाजूला पहाटे पक्ष्यांसाठी लांबलचक लेन्सा घेऊन जे उभे असतात त्यांच्यातले बहुतेक कोणाचंच देणं लागत नाहीत. डॉक्टर, उद्योजक, द्राक्षबागायतदार. हुकलं तर पुढच्या रविवारी परत यायचं. तरी तिथे फ्लॅगशिप भरपूर दिसतात, आणि त्यांना हसण्यात अर्थ नाही. कवड्या खंड्या पाण्यावर एका जागी फडफडत थांबतो आणि दगडासारखा खाली सुटतो. कधी सुटेल ते त्यालाच ठाऊक. झेड ९ अकरा मेगापिक्सेलवर सेकंदाला १२० चित्रं काढतो. त्याहून चमत्कारिक सोय २०२२ च्या सुधारणेत आली: बटण अर्धं दाबून ठेवलं, की कॅमेरा चित्रं घेत आणि टाकत राहतो, आणि पूर्ण दाबल्यावर त्याआधीच्या एका सेकंदापर्यंतची चित्रंही जपून ठेवतो. माणसाचा हात उशिरा पोचला तरी चालतं.

मग फोटो काढला कोणी, हा प्रश्न उगाच विचारायचा म्हणून नाही. छायाचित्रणाच्या कलेची सगळी प्रतिष्ठा बोट नेमकं कधी दाबलं यावर उभी होती. आता निर्णय घरी, पडद्यासमोर, शेकडो चित्रांतून एक ठेवताना होतो. ते कौशल्यच आहे, पण वेगळं. संपादकाच्या जवळ जाणारं.

याला कंटाळलेली माणसं डायलकडे वळतात. मात्र इथेही थोडी फसगत आहे. झेडएफमध्येही बटण दाबण्याआधीची चित्रं जपण्याची तीच सोय आहे! एफएम २ चा मुखवटा, आत तेच. शटर एकतृतीयांश पायरीने बदलायचं म्हटलं की कोरलेले आकडे बाजूला राहतात आणि नेहमीचं चाक फिरवावं लागतं. निकॉनच्या आजच्या बहुतेक लेन्सांवर अॅपर्चरची कडीच नाही, म्हणून तो आकडा दाखवायला माथ्यावर एक चिमुकली खिडकी ठेवली आहे. फुजीफिल्मने एक्स१०० पासून, म्हणजे २०११ पासून, हे अधिक प्रामाणिकपणे केलं: कडी लेन्सवरच, आकडे जागच्या जागी. आणि मूळ एफएम २ ला स्मरणरंजनाशी काही घेणं नव्हतं. बॅटरी संपली तरी त्याचं शटर सेकंदाच्या चार हजाराव्या भागापर्यंत चालायचं. स्टीव्ह मॅककरी यांनी १९८४ मध्ये पेशावरजवळच्या निर्वासितांच्या छावणीत हिरव्या डोळ्यांच्या अफगाण मुलीचा फोटो याच कॅमेऱ्यावर टिपला. तेव्हा तो कामाचा घोडा होता. आज त्याचं रूप विकलं जातं, त्याचा काटकपणा नव्हे.

तरीही झेडएफची बाजू पूर्ण लंगडी नाही. भांडी बाजारात, सराफ बाजारात, गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बुधवारच्या बाजारात सव्वा किलोहून जड बॉडी आणि तिच्यावर मोठी लेन्स घेऊन शिरणाऱ्याला लोक वाट करून देतात, म्हणजेच सावध होतात. ‘कोणत्या पेपरचे?’ हा पहिला प्रश्न. भाजीवाली पदर सावरते, पोरं कॅमेऱ्यासमोर येऊन उभी राहतात. चाळीस मिलिमीटरची छोटी लेन्स लावलेला जुन्यासारखा दिसणारा कॅमेरा फारसा कोणाच्या खिजगणतीत नसतो. झेडएफवर कृष्णधवलसाठी चक्क वेगळी कळ आहे. ती सरकवली की रंग शोधणारी नजर छाया शोधू लागते. हे संगणकावर नंतरही करता येतं, पण नंतर केल्याने नजर बदलत नाही.

नाशिकला जुन्या कॅमेऱ्याच्या या मोहाबाबत दादासाहेब फाळक्यांचं उदाहरण आठवावं लागतं, कारण ते इथलेच, त्र्यंबकेश्वरचे. विम्याची पॉलिसी गहाण ठेवून १९१२ मध्ये ते लंडनला गेले आणि विल्यमसन कॅमेरा घेऊन आले. हाताने दांडा फिरवायचा तो कॅमेरा. कच्च्या फिल्मला भोकं पाडण्याचं काम त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंनीही केलं. ‘राजा हरिश्चंद्र’साठी कॅमेरा चालवला त्र्यंबक तेलंग यांनी, आणि १९१३ मध्येच फाळके बिऱ्हाड घेऊन नाशिकला आले. आज तो कॅमेरा काचेच्या कपाटात ठेवण्यासारखा दिसतो, फाळक्यांसाठी मात्र ती त्या काळची अद्ययावत यंत्रसामग्री होती. जुन्या दिसण्यासाठी त्यांनी एक पैसाही मोजला नसता. दुसरीकडे, दांडा किती वेगाने फिरवायचा हे प्रत्येक सेकंदाला माणसाने ठरवायचं होतं, आणि काय टिपलं गेलं ते फिल्म धुतल्याशिवाय कळत नव्हतं. आजच्या डायलवाल्या कॅमेऱ्यांच्या जाहिरातींत जे ‘हाताने करण्याचं सुख’ विकलं जातं, ते फाळक्यांना सुख वाटलं असेल का, याची शंकाच आहे.

राहिला सिंहस्थ. नाशिकची अमृतस्नानं तीन: २ ऑगस्ट, ३१ ऑगस्ट आणि ११ सप्टेंबर. एवढ्या दिवसांसाठी लाखो रुपये अडकवण्यापेक्षा फ्लॅगशिप आणि लांब पल्ल्याची लेन्स भाड्याने आणणं, आणि वर्षभर खांद्याला लावायला हलका कॅमेरा विकत घेणं अधिक शहाणपणाचं दिसतं. नेमाने लग्नांचे फोटो काढणाऱ्याचं गणित अर्थातच वेगळं; त्याचा फ्लॅगशिप दोन हंगामांत वसूल होऊ शकतो. भाड्याची बॉडी स्नानाच्या आदल्या रात्री आणू नये. तिचे मेनू आपल्या हाताच्या सवयीचे नसतात, आणि रामकुंडावर पहाटे चारला पावसात ते शोधायला वेळ नसतो. चार दिवस आधी आणून बुधवारच्या बाजारात एकदा फिरवून घ्यावी. आणि सांगून ठेवायचं तर आतापासूनच. त्या तारखांना मुंबई-पुण्याच्या भाडेवाल्यांकडेही चांगली बॉडी शिल्लक असण्याची शक्यता कमीच.