केडगावची मुद्रितं

केडगाव, १९२१. पंडिता रमाबाईंची एकुलती एक लेक मनोरमा गेली. निराधार बायकांसाठी रमाबाईंनी उभारलेल्या मुक्ती मिशनचा भार पुढे तीच उचलेल, ही आईची आस होती. रमाबाईंना ऐकू येणं तर आधीच कमी झालं होतं.

साध्या बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत, मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबल आणायचं त्यांचं काम मात्र थांबलं नाही. मुक्तीच्याच छापखान्यात बायका खिळे जुळवत. रमाबाई शाईच्या वासाची मुद्रितं ओळ न् ओळ तपासत.

लेक का गेली, याचं उत्तर त्यांना मिळालं असेल, असं मला वाटत नाही. तरी ज्याच्यापाशी गाऱ्हाणं, त्याचाच शब्द रोज हाती धरायचा! तुमची प्रार्थना अजून रिकामी परतत असेल, तर आज मुद्रितांच्या त्या टेबलाशी क्षणभर बसा.

एप्रिल १९२२ मध्ये रमाबाई गेल्या. शेवटची मुद्रितं तपासून झाली होती.