उसना सूर

आमच्या सरकारी वसाहतीत संध्याकाळी फिरायला निघणाऱ्या मंडळींचा एक ठरलेला घोळका आहे. बदल्या, महागाई भत्ता आणि गावाकडचा पाऊस ह्या तीन विषयांपलीकडे आमची संभाषणे सहसा जात नाहीत. परंतु मध्यंतरी एका स्नेह्यांच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाने आमच्यात एक निराळाच वाद उपस्थित केला. त्याने आपल्या मोबाइलवर ‘ब्लडीवुड’ नावाच्या, आमच्या ह्या दिल्लीतल्याच, एका वाद्यवृंदाचे गाणे आम्हांस ऐकवले. विजेच्या गिटारींचा गडगडाट, घशाच्या तळातून काढलेली गर्जना, आणि मध्येच पंजाबी ढोल व बासरी, असा तो सगळा प्रकार होता. ऐकून झाल्यावर वडील म्हणाले, “अरे, ह्यात ह्यांचे स्वतःचे असे काय आहे? गिटार साहेबाची, आरडाओरडा अमेरिकेचा आणि ढोल पंजाबचा!” मुलगा म्हणाला, “बाबा, जगभर लाखो लोक हे पाहतात.”

वडिलांच्या प्रश्नाचे हे उत्तर नव्हे, हे उघड आहे. तरी घरी परतल्यावर प्रश्न आणि उत्तर दोन्ही माझ्या मनात घोळत राहिली. जे उसने घेतले ते आपले कधी होते काय? आणि पुष्कळांनी पाहिल्याने ते आपले ठरते काय?

ज्या संगीताला ‘हेवी मेटल’ म्हणतात त्याचा उगम शोधू लागलो तर आपण इंग्लंडातील बर्मिंगहॅम ह्या कारखान्यांच्या शहरी जाऊन पोहोचतो. तेथे टोनी आयोमी नावाचा एक तरुण पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. वयाच्या सतराव्या वर्षी यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली. तो डावखुरा असल्याने गिटारच्या तारा दाबण्याचा त्याचा हात नेमका तोच. वादन आता संपले अशा समजुतीने तो खचून गेला असता कारखान्यातील त्याच्या वरिष्ठाने त्याला जँगो राइनहार्ट ह्या वादकाची ध्वनिमुद्रिका ऐकवली. राइनहार्ट हा बेल्जियममध्ये जन्मलेला, भटक्या रोमा जमातीतला कलावंत. १९२८ साली गाडीला लागलेल्या आगीत त्याची दोन बोटे निकामी झाली होती आणि उरलेल्या बोटांवर त्याने नवे वादनतंत्र घडवले होते. आयोमीने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोपणे केली, तारा पातळ लावल्या, पुढे त्या सैलही सोडल्या. त्याच्या ‘ब्लॅक सॅबथ’ ह्या वृंदाची पहिली ध्वनिमुद्रिका १९७० साली निघाली. १९७१ सालच्या तिसऱ्या ध्वनिमुद्रिकेत उतरवलेल्या तारांचा तो खर्जातला, जड नाद स्पष्ट ऐकू येतो, आणि आज जगभर असंख्य तरुण तोच नाद आपल्या वाद्यांतून काढू पाहतात.

हा वृत्तांत मी मुद्दाम विस्ताराने सांगितला. साहेबाची म्हणून आपण जी वस्तू बाजूला सारतो ती साहेबाची तरी कोठे आहे? एका जळालेल्या हाताने एका तुटलेल्या हाताला दिलेले ते बळ आहे. आपल्याकडे देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण अशी तीन ऋणे मानली आहेत. त्यांपैकी ऋषिऋण फेडायचे ते ऋषींकडे जाऊन काही परत करून नव्हे. अध्ययन करावे आणि विद्या पुढे चालवावी, म्हणजे ते फिटते. पितृऋणही पुढच्या पिढीच्या द्वाराच फिटते. प्रभाव ह्या गोष्टीकडे आपण चोरीच्या मालाप्रमाणे पाहतो ते मला म्हणूनच अन्यायाचे वाटते. प्रभाव हे ऋण आहे. ते कबूल करणे आणि त्यात भर घालून पुढच्याच्या हाती देणे, एवढाच त्याचा धर्म.

‘ब्लडीवुड’ची ऋणे तर फारच गुंतागुंतीची आहेत. लॉस एंजेलिसच्या ‘रेज अगेन्स्ट द मशीन’ ह्या वृंदाने १९९२ सालच्या आपल्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेत मेटलच्या वादनावर वेगाने बोललेले राजकीय शब्द चढवले. त्यांचा ठसा ह्या दिल्लीकरांवर आहे आणि त्यांनी तो लपवलेलाही नाही. २०१९ सालच्या युरोपच्या दौऱ्याला त्यांनी त्याच नावावर कोटी करून ‘राज अगेन्स्ट द मशीन’ असे नाव दिले होते. पंजाबी सुरांची वाट तर त्याहून वाकडी. त्यांचे २०१८ सालचे ‘अरी अरी’ हे गाणे मूळचे ‘बॉम्बे रॉकर्स’ ह्या डेन्मार्कमधील जोडीचे, आणि त्या जोडीने ते पंजाबी लोकगीताच्या धाटणीवर रचलेले. पंजाबची चाल कोपनहेगनकडून दिल्लीला यावी! तेव्हा ‘मूळ’ हा शब्द आपण जितक्या ठामपणे वापरतो तितका ठामपणा त्याला सोसत नाही, असेच म्हणावे लागते.

पण मग वडिलांचा प्रश्न निरर्थक होता काय? मला तसे वाटत नाही. ह्या वृंदाची सुरुवात २०१६ च्या सुमारास झाली ती थट्टेतून. करण कटियार ह्यांनी वकिलीची नोकरी सोडली, जयंत भडुला हे गायक त्यांना मिळाले, आणि लोकप्रिय गाण्यांना मेटलचा वेष चढवून त्यांची गंमत करणारी चित्रगीते ते यूट्यूबवर टाकू लागले. दलेर मेहंदींचे ‘तुनक तुनक तुन’ही त्यांच्या हातून सुटले नाही. लोक हसले आणि पाहू लागले. ह्या काळातले त्यांचे गाणे उसनेच होते असे मी म्हणेन. सामग्री दुसऱ्याची होती हे त्याचे कारण नव्हे. त्यात त्यांचे स्वतःचे काही पणाला लागलेले नव्हते, हे कारण. थट्टा करणारा मनुष्य कशालाच बांधलेला नसतो.

पुढे राउल केर ह्यांची जोड मिळाली आणि २०१८ साली ‘जी वीरे’ हे गाणे आले. त्याचा विषय मनाला ग्रासणारे नैराश्य. त्या गाण्याबरोबर समुपदेशनाची काही सत्रे इच्छुकांना विनामूल्य देण्याची व्यवस्थाही त्यांनी केली. तोच ढोल, तीच गिटार, तीच गर्जना. परंतु आता गाणारा ऐकणाऱ्याला काही देणे लागतो असे झाले. माझ्या मते उसना सूर आपला होतो तो ह्या क्षणी. आपण त्या सुरात जे बोललो त्याबद्दल जाब द्यायला उभे राहतो, तेव्हा.

आता लाखो प्रेक्षकांविषयी. ‘पिकते तिथे विकत नाही’ ही म्हण ह्या वृंदालाही लागू पडली. २०१९ साली उत्तर जर्मनीतील वाकन ह्या लहानशा गावी भरणाऱ्या मेटलच्या प्रचंड मेळ्यात ते गायले, २०२२ साली जपानच्या फुजी रॉक महोत्सवात गायले. आणि आमच्या वसाहतीत त्यांचे नावही ठाऊक नव्हते. २०२२ सालची ‘रक्षक’ ही ध्वनिमुद्रिका त्यांनी कोणत्याही कंपनीच्या आश्रयावाचून काढली. २०२५ सालची ‘नु देल्ही’ मात्र एका अमेरिकन कंपनीमार्फत निघाली. पूर्वी कलावंताला राजाश्रय लागे, नंतर कंपनीचा आश्रय लागे. आता अनोळखी माणसांची नजर हाच पहिला आश्रय झाला आहे. ही नजर उदार असते, तशी लहरीही असते. तिला नवल हवे असते. हिंदुस्थानी माणसाने ढोल वाजवलाच पाहिजे, असा तिचा अबोल हट्ट असतो. तो हट्ट पुरवता पुरवता स्वत्वाचा पोशाख केव्हा होतो हे घालणाऱ्यालाही कळत नाही.

आपण परप्रांतांत राहणाऱ्यांनी तरी ह्या वृंदाला हसू नये. जन्मात कधी फेटा न बांधलेले आमचे अधिकारी दिल्लीच्या गणेशोत्सवात फेटा बांधून लेझीम धरतात. आणि शेजारचे बंगाली व तमिळ स्नेही कौतुकाने पाहू लागले की पावले जरा अधिकच आवेशाने पडतात. मी स्वतः त्यांतला एक आहे. तो आवेश खोटा होता काय? पुष्कळ विचारान्ती वाटते की, कोणी पाहते म्हणून आपले आपलेपण खोटे ठरत नाही. किंबहुना परक्याच्या नजरेनेच कित्येकदा ते आपणांस प्रथम दिसते. पण फेटा उतरवून घरी आल्यावर नातवंडांशी मराठीत बोलायला जर आपणांस सवड नसेल, तर तो फेटा केवळ दाखवण्याचा होता, हे मान्य केले पाहिजे.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाला विचारले, “हे गाणे तुला का आवडते?” लाखांचा आकडा त्याने पुन्हा सांगितला नाही. थोडा वेळ गप्प राहून तो म्हणाला, “काका, परीक्षेच्या वर्षी मला फार वाईट दिवस आले होते. घरात कोणाला सांगितले नव्हते. तेव्हा मी हेच ऐकत होतो.”

त्याचे वडील चार पावले पुढे चालले होते. ते थांबले, मागे वळले आणि म्हणाले, “लाव पाहू ते पुन्हा.”